तुम्ही विचारलंत म्हणून: घरी बसून काढता येत नाही का?

आधी चित्राचं कौतुक होतं. मग आवाज जरा खाली येतो आणि प्रश्न येतो, ‘पण त्यासाठी दर रविवारी त्या चित्रं काढणाऱ्यांच्या घोळक्यात कशाला जायचं? घरी बसून काढता येत नाही का?’ विचारणाऱ्यांत नात्यातले आहेत, ऑफिसातले आहेत. शिवाय एक मैत्रीण आहे, स्वतः फार चांगली चित्रं काढणारी. ती विचारत नाही, थेट सांगते, ‘चित्र हे एकट्यानं करायचं काम आहे, बाकी सगळी सहल.’ आजवर मी ‘तेवढंच बाहेर पडणं होतं’ म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नाही. बाहेर पडायला मला चित्राचं निमित्त लागत नाही.

मधली वर्षं ब्रश का हातात धरला नाही, ते पुन्हा सांगत बसत नाही. तुम्हाला ते माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनीही आयुष्यात असंच काहीतरी माळ्यावर टाकलेलं असतं.

तर, घरी काढता येतं. पुन्हा सुरुवात केली तीही घरीच. जुनी पेटी काढली, ट्यूबा दगड झालेल्या. फेकणारच होते, पण जलरंगात बांधणीला डिंक असतो आणि तो पाण्यात परत विरघळतो, एवढं आठवत होतं. ट्यूब उभी चिरली, आतल्या खड्यावर ओला ब्रश घासला आणि अल्ट्रामरीन सुटलं, जणू काल ठेवलं होतं. तेलरंगाला ही दुसरी संधी मिळत नाही. त्या निळ्यानं मला इतका आनंद झाला, की त्या संध्याकाळी मी काहीच काढलं नाही. नुसते पट्टे ओढत बसले.

त्याच आठवड्यात भिंतीवरचं माझं कॉलेजातलं चित्र नीट पाहिलं. लाल फुलांचं, खिडकीसमोर टांगलेलं. पानं जागेवर होती, फुलदाणी जागेवर होती, फुलं मात्र गेली होती. त्यांच्या जागी मळकट गुलाबी डाग उरले होते. तो लाल म्हणजे अलिझरीन क्रिमसन, ट्यूबवर बारीक अक्षरात ‘पीआर 83’ असा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला असतो तो. ग्रेबे आणि लिबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1868 मध्ये अलिझरीन प्रयोगशाळेत बनवलं, त्याआधी ते मंजिष्ठाच्या जातीच्या झाडाच्या मुळांतून काढत. रंग देखणा, पण पातळ थरात उजेड सोसत नाही. जलरंग उजेडात किती टिकतात, कोणते उडतात, याची इंग्लंडमध्ये रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी रीतसर तपासणी केली आणि 1888 मध्ये अहवाल दिला. म्हणजे माझ्या हातात ती ट्यूब आली त्याच्या कितीतरी आधीपासून हे जगाला ठाऊक होतं. मला नव्हतं.

विशीतली मी हे ऐकून हादरली असती. चित्र टिकणार नसेल तर काढूच नये, असं तिचं ठाम मत होतं. तिची मतं फार होती. नवशिक्यांना घोळका लागतो, खऱ्याला लागत नाही, हेही तिचंच. माझी मैत्रीण आज जे बोलते ते माझ्याच तोंडून तेव्हा निघत असे, म्हणून तर तिच्यावर मला धड रागावता येत नाही.

पण घरी काय होत होतं ते ऐका. टेबल लावलं, उजेड डावीकडून घेतला, पाण्याची दोन भांडी ठेवली, कागद बोर्डावर चिकटवला. चांगला कागद, शंभर टक्के कापसाचा, जाडजूड, 300 जीएसएम. त्यावर आकाश टाकलं. बोर्ड जरा तिरका धरायचा, रंगाचा थेंब कडेला साचू द्यायचा आणि त्याला ओढत खाली आणायचं, वर गडद निळं, खाली येता येता पाणी वाढवत जवळजवळ कोरा कागद. हे मला शाळेपासून येतं. ते वाळलं, सुंदर दिसलं, आणि मी तिथेच थांबले. त्याच्यावर झाड काढलं असतं तर बिघडलं असतं. दुसऱ्या दिवशी दुसरा कागद, पुन्हा आकाश. एका खणात निव्वळ आकाशं साठली. कोणी पाहणारं नव्हतं, कोणी अडवणारं नव्हतं, संपूर्ण स्वातंत्र्य होतं, आणि त्या स्वातंत्र्यात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत होते.

मग ओळखीतल्या एकीनं रविवारच्या गटात ओढून नेलं. तिथे कोणी शिकवत नाही, फी नाही. सकाळी ठरलेल्या जागी जमायचं, दोनेक तास काढायचं, शेवटी सगळी चित्रं जमिनीवर मांडून उभ्याउभ्या बघायची. असे गट आता जगभर आहेत. गाब्रिएल काम्पानारिओ या सिॲटलच्या पत्रकार-चित्रकारानं 2007 मध्ये ‘अर्बन स्केचर्स’ सुरू केलं, तेव्हापासून समोर बसून काढायचं आणि मिळून काढायचं याला पुन्हा तेज आलं. ‘पुन्हा’ म्हणते, कारण हे काही नवं नाही. 1869 च्या उन्हाळ्यात मोने आणि रेन्वार हे फ्रेंच चित्रकार सीन नदीकाठच्या ला ग्रनुयेरला शेजारी शेजारी बसून एकच धक्का, तेच पाणी, तीच माणसं रंगवत होते. दोघांची चित्रं समोरासमोर ठेवा. एकाला पाण्याची पडली आहे, दुसऱ्याला माणसांची. दोघांनाही ते आधी माहीत होतं का, की शेजारच्याचं बघून कळलं, मला सांगता येणार नाही. माझ्यापुरतं सांगते. पहिल्याच रविवारी सगळे एकाच पुलासमोर बसलो होतो. चित्रं मांडली तेव्हा माझ्या पुलाखाली सावली नव्हती. बाकी सगळ्यांच्या होती. दोन तास मी तिच्याकडे तोंड करून बसले होते.

हे घरी कळलं नसतं. घरी माझं चित्र फक्त माझ्या दुसऱ्या चित्राशेजारी ठेवलं जातं, आणि दोन्हींत सावली नसते.

इथवर सांगितलं की लोक मान डोलावतात. ‘म्हणजे शिकायला मिळतं.’ नाही हो. शिकायला पुस्तकांतूनही मिळतं, व्हिडिओंतूनही मिळतं. मी जाते त्याचं कारण वेगळ्याच एका रविवारी घडलं, आणि ते मला अजून आवडत नाही.

त्या दिवशी कोणीतरी टूम काढली, कागद फिरवायचे. पंधरा मिनिटं आपल्या कागदावर काम करायचं, मग बोर्ड उजवीकडच्याला द्यायचा, डावीकडून येईल त्यावर पुढे काढायचं. समोर एक जुनी भिंत, तिच्यावर झुकलेलं झाड, वर पावसाळी आकाश. सगळ्यांनी साधे कागद आणले होते. मी माझा कापसाचा आणला होता. नियम आधी सांगितला असता तर आणला नसता, हे मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते.

पहिल्या पंधरा मिनिटांत मी अर्थातच आकाश टाकलं. हवेत दमट गारवा होता, रंग सावकाश वाळत होता, अल्ट्रामरीनमध्ये किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घातल्यावर येतो तसा करडा उतरला होता. ते दोन्ही रंग कागदाच्या खाचांत दाणेदार बसतात, आणि त्या दिवशी ढगाला जो पोत आला तो मला आधी कधी जमला नव्हता. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं आकाश. कडेची चकाकी नुकती जात होती. जलरंगाची ज्यांना सवय आहे त्यांना कळेल, हीच वेळ कागदाला अजिबात हात न लावण्याची. आणि हीच वेळ भरली. बोर्ड उजवीकडे गेला.

उजवीकडे एक मुलगा होता, नवा, बहुतेक दुसऱ्यांदाच आलेला. त्यानं ब्रश पाण्यात बुडवला, झटकला नाही, टिपला नाही, हिरव्यात घातला आणि माझ्या आकाशात झाड ठेवलं. पाणी धावलं. अर्धवट ओल्या थरात जास्त पाणी शिरलं की ते आधीचे रंगकण रेटत बाहेर नेतं आणि जिथे थांबतं तिथे गडद, कातरलेली कड सोडतं. फुलकोबीसारखी फुगत गेलेली ती कड मी शेजारून बघत होते. मुलगा घाबरून टिश्यूनं टिपायला लागला, त्यानं आणखी बिघडलं. मी ‘राहू दे’ म्हणाले. चांगुलपणानं नव्हे. तोंड उघडलं असतं तर दुसरं काही निघालं असतं.

माझ्यासमोर डावीकडून आलेला बोर्ड होता, एका वयस्कर काकांचा. त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे भिंतीची रेघ वाकडीतिकडी गेली होती. साधा कागद, लाटा आलेला. मी रागात होते. मोठा ब्रश घेतला, पॅलेटवर जे होतं ते उचललं आणि भिंतीच्या सबंध सावलीचा एकच गडद घाव घातला, झाडाच्या बुंध्यातून खालपर्यंत. पेन्सिल नाही, मोजमाप नाही. वाळण्याआधीच त्यात नखानं फांद्या ओरखडल्या. पंधरा मिनिटं कधी संपली कळलं नाही.

शेवटी कागद मूळ मालकांकडे परत आले, जमिनीवर मांडले. काकांच्या चित्रापाशी सगळे थांबले. काकांनी ते उचललं, लांब धरलं, विचारलं, ‘ही सावली कोणाची?’ मी सांगितलं. ते माझ्याकडे बघत म्हणाले, ‘ताई, तुमची? तुमची वाटत नाही.’

त्यांनी कौतुकच केलं होतं. मी सामान भरलं आणि निघाले. पुढचे बरेच रविवार गेले नाही. फोन आले, ‘बरं नाही’ म्हटलं.

आता इथे तुमची अपेक्षा असेल की मी म्हणेन, त्या मुलाच्या डागानं माझं आकाश उलट जिवंत झालं. नाही झालं. तो डाग वाईट होता, आजही वाईट आहे, तो कागद माझ्याकडे आहे, हवा तर दाखवते. नवशिक्याच्या हाती दुसऱ्याचा चांगला कागद देणं हा मला अजूनही आचरटपणा वाटतो. पण त्या दिवशी मला जे लागलं ते आकाश गेल्याचं नव्हतं, हे घरी बसल्यावर हळूहळू उमगलं. दुसऱ्याच्या कागदावर माझा हात असा चालतो आणि माझ्या कागदावर चालत नाही, हे लागलं होतं.

घरी तसं करून पाहिलं. स्वस्त कागद आणले, ‘हा माझा नाही’ असं मनाशी म्हणून बसले. मनाला असं फसवता येत नाही. आकाशच आलं, फक्त स्वस्त कागदावर.

मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ही तुझी अडचण आहे, घोळका हा तिच्यावरचा उपाय नव्हे, पळवाट आहे. असेल. मी तिला टॉमस गर्टिन या इंग्लिश जलरंगकाराची गोष्ट सांगितली. 1799 मध्ये लंडनमध्ये गर्टिन आणि त्याचे तरुण मित्र संध्याकाळी एकमेकांकडे जमत, कवितेतला उतारा विषय म्हणून घेत आणि प्रत्येक जण त्यावर आपापलं चित्र काढी. कागद-रंग यजमानाचे आणि रात्रीअखेर झालेली सगळी चित्रंही यजमानाची. काढणारा रिकाम्या हातानं घरी जाई. जलरंगाला नकाशे-नोंदींच्या पायरीवरून वर आणणाऱ्यांत ज्याचं नाव घेतात तो हा माणूस, सत्ताविसाव्या वर्षी गेला, आणि आपलं काम देऊन टाकायच्या अटीवर काढत बसत होता. मैत्रीण म्हणाली, ‘अगं, पण तो गर्टिन होता.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. विशीतल्या मीनं टाळी दिली असती तिला.

आणि घोळक्याचा त्रास मलाही दिसतो. शेवटी चित्रं मांडायची आहेत हे डोक्यात बसलं की हात आपोआप लोकांना आवडेल तिकडे वळतो. आमच्यातल्या दोघांची चित्रं वर्षभरात एकमेकांसारखी झाली आहेत, त्यांच्या लक्षातही आलेलं नाही. ‘वा, छान’ एवढंच बोलायचा अलिखित करार आहे. काकांसारखं एखादंच वाक्य कधीतरी निसटतं. तेवढ्यासाठी इतके ‘वा, छान’ ऐकावे लागतात, हा व्यवहार फायद्याचा आहे असं मी शपथेवर सांगणार नाही.

तरी जाते. काही रविवारी अजून आकाशच काढते, सावली विसरते. त्या मुलाला ब्रश टिपायला शिकवलं. तो आता बरं काढतो, आणि माझ्या शेजारी बसायचं टाळतो.

पुढच्या महिन्यात पुन्हा कागद फिरवायचे ठरलं आहे. मी कळवलं, येईन, पण माझा कागद फिरणार नाही. गट चालवणारीनं लगेच उलट कळवलं, ‘चालेल ताई. मग दुसऱ्याचाही घ्यायचा नाही.’ तिला मी अजून काहीच उत्तर पाठवलेलं नाही.