जुना फोन विकण्याआधी: पुसणं सोपं, क्रम महत्त्वाचा

१२८ जीबीचा फोन पाच मिनिटांत कोरा झाला, की पहिली शंका हीच येते: एवढ्यात खरंच पुसलं का? मग कोणी तीन-तीनदा रीसेट मारतं, कोणी मेमरी भरेपर्यंत छताचा व्हिडिओ काढत बसतं. बरेच फोन रिकामे केल्यावर माझं मत असं झालंय, की पुसण्याचं काम फोन चोख करतो. घोळ होतो तो त्याच्या आधी, आपल्या हातून.

पाच मिनिटं पुरतात कारण फोन सगळा डेटा पुसत बसतच नाही. डेटा एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात, साठवलेला असतो आणि रीसेटमध्ये त्याची किल्ली नष्ट होते. मागे उरतं ते निरर्थक गिचमिड. आयफोनमध्ये ही सोय २००९च्या ३जीएसपासून आहे. अँड्रॉइडमध्ये २०१५च्या ६.० आवृत्तीपासून बहुतेक नव्या फोनांत आली आणि २०१९च्या अँड्रॉइड १०पासून नव्या फोनांना सक्तीची झाली. रीसेटवरचा अविश्वास त्याआधीच्या काळातला आहे, आणि तेव्हा तो रास्तच होता. २०१५ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २.३ ते ४.३ आवृत्त्यांचे २१ अँड्रॉइड फोन तपासले, तर रीसेटनंतरही त्यांतून माहिती परत काढता आली होती. इतका जुना फोन हातात आला तर, सोय असेल तर, मी आधी सुरक्षा सेटिंगमधून फोन एन्क्रिप्ट करतो. चार्जर लावूनच करायचं. तासभर किंवा जास्तही लागतो. मग रीसेट. छताच्या व्हिडिओवर मात्र भरवसा नको. फोनच्या मेमरीतली कंट्रोलर नावाची चिप लिहिण्याची जागा स्वतः ठरवते, त्यामुळे जुना मजकूर नेमका झाकला गेला की नाही हे कळायला मार्ग नसतो.

आता आधीची कामं. माझा निम्म्याहून जास्त वेळ इथेच जातो, आणि फोटोंमुळे नाही. ते बॅकअपमध्ये आपसूक जातात. अडवतात ती ऑथेंटिकेटर अॅप्स. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे आकडे नव्या फोनवर दिसेपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही, आणि नुसते दिसले म्हणून थांबायचं नाही: नव्या फोनवरचा आकडा टाकून एका खात्यात प्रत्यक्ष लॉगिन करून बघतो. बँकेचं अॅपही नव्या फोनवर सुरू झालेलं हवं. व्हॉट्सअॅपचा बॅकअप हाताने घेतो, कारण रात्रीच्या आपोआप बॅकअपमध्ये दिवसभराचे मेसेज नसतात. सिग्नल या मेसेजिंग अॅपमधल्या गप्पा फोनच्या नेहमीच्या बॅकअपमध्ये येतच नाहीत. त्या अॅपमधूनच हलवाव्या लागतात. आयफोन सोडून अँड्रॉइडवर जाणार असाल तर आयमेसेज ही अॅपलची मेसेज सेवा आधी बंद करा, नाहीतर इतर आयफोनवाल्यांचे मेसेज जुन्याच पत्त्यावर जात राहतात.

एक चूक फार महागात पडते. रीसेटआधी ‘साफसफाई’ म्हणून आयफोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो हाताने डिलीट करणं. आयक्लाउड, म्हणजे अॅपलची ऑनलाइन साठवण, चालू असेल तर ते तिथूनही जातात आणि नव्या फोनवरूनही. हाताने काहीच पुसू नका.

मग खाती. अँड्रॉइडमध्ये ‘पासवर्ड्स अँड अकाउंट्स’मध्ये जाऊन गूगल खातं रिमूव्ह करतो, कंपनीचं वेगळं खातं असेल तर तेही. हे न करता बटणं दाबून रिकव्हरी मोडमधून रीसेट केलं, तर डेटा जातो पण कुलूप राहतं: नवा मालक फोन सुरू करतो आणि स्क्रीन आधीच्या मालकाचं खातं मागते. अँड्रॉइड ५.१पासून ही चोरीविरोधी सोय आहे. गूगलचा पासवर्ड नुकताच रीसेट केला असेल तर २४ तास थांबून मगच फोन रीसेट करा. आयफोनमध्ये हे कुलूप ‘फाइंड माय’ लावतं, म्हणून रीसेटआधी ते बंद करायचं. सोबत घड्याळ जोडलेलं असेल तर आधी ते अनपेअर करायचं.

सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवतो. मेमरी कार्ड सहसा एन्क्रिप्ट नसतं आणि क्विक फॉरमॅटमध्ये फक्त फायलींची यादी कोरी होते. अशा कार्डावर मी फोटोरेक हे मोफत साधन चालवून पाहिलं, तर फोटो परत आले. नावं तेवढी गेली होती, त्यांच्या जागी एफ आणि पुढे लांबलचक आकडा. कार्ड द्यायचंच असेल तर विंडोजमध्ये क्विक फॉरमॅटची खूण काढून फॉरमॅट करा, म्हणजे सगळीकडे शून्यं लिहिली जातात. मी कार्ड देतच नाही.

शेवटी रीसेट. बॅटरी निम्म्याच्या वर, नाहीतर चार्जर लावून. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, ‘ट्रान्स्फर ऑर रीसेट’, ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’. पिक्सेलमध्ये सिस्टिम, ‘रीसेट ऑप्शन्स’. सॅमसंगमध्ये ‘जनरल मॅनेजमेंट’, रीसेट. ‘रीसेट ऑल सेटिंग्ज’ हा पर्याय शेजारीच असतो. त्याने फोटो जागचे हलत नाहीत. ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच असलेलं सिम, पुसायचं का हे वेगळं विचारलं जातं. नंबर नव्या फोनवर सुरू झाला असेल तरच हो म्हणायचं.

स्वागताची स्क्रीन आली की लगेच डबीत भरत नाही. वायफाय जोडून दोन पावलं पुढे जातो. जुनं खातं मागितलं तर कुलूप राहिलंय: लॉगिन करून, खातं काढून पुन्हा रीसेट. नवीन खातं जोडायची किंवा वगळायची मुभा दिली तर फोन मोकळा. या तपासणीत वायफायचा पासवर्ड फोनमध्ये शिरलेला असतो, म्हणून सेटअप वगळून आत जातो, आणखी एकदा रीसेट करतो आणि स्वागताच्या स्क्रीनवरच फोन बंद करतो. मग संगणकावरून गूगल किंवा अॅपल खात्याच्या डिव्हायसेसच्या यादीतून हा फोन काढून टाकतो.