रुईच्या पट्ट्यातली फायबर : आमची वाटचाल

आमचं मूळ काम केबल टीव्हीचं. हिंगणघाटकडच्या खेड्यांत काळी केबल ओढून वडिलांनी धंदा उभा केला. पुढे भारतनेट या सरकारी योजनेची फायबर, म्हणजे प्रकाशातून नेट वाहून नेणारी काचेची बारीक तार, ग्रामपंचायतींपर्यंत येऊ लागली, लोक घरी नेट मागू लागले आणि आम्हीही फायबरकडे वळलो. कर्ज काढून फायबरची टोकं वितळवून जोडणारं स्प्लायसिंग मशीन घेतलं. तरी आमचं नाव झालं ते कनेक्टर, म्हणजे फायबरच्या टोकाची जोडणी, साफ ठेवण्यामुळे, असं मी मानतो.

दिवाळीनंतर इकडे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढणारे कारखाने, सुरू होतात. रुईचे बारीक तंतू हवेत तरंगतात आणि खांबावरच्या डब्यालाही सोडत नाहीत. सिंगल मोड फायबरमध्ये प्रकाश वाहतो तो गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. डोक्याचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. त्या गाभ्यावर एक कण बसला तरी पॉवर पडते. घरातल्या ओएनटीला, म्हणजे फायबरच्या मोडेमला, साधारण उणे 27 डीबीएमपर्यंतचा सिग्नल वाचता येतो (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा, सिग्नल तितका कमजोर). त्याखाली गेला की लाल दिवा लागतो आणि कास्तकार फोन करतो, "भाऊ, वायर तुटली वाटते." तुटलेली असतेही, रानडुकरं आणि जेसीबी आहेतच. पण पुष्कळदा तार शाबूत असते, मळलेलं असतं ते कनेक्टरचं तोंड.

म्हणून आमच्या पोरांना पहिल्या दिवसापासून एकच शिस्त : आधी स्कोपखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, बघा, मग पुसा, परत बघा, नंतरच जोडा. मळकं तोंड तसंच दाबलं तर कण काचेत रुततो, खड्डा पडतो आणि मग कितीही पुसलं तरी उपयोग नाही. शर्टाच्या टोकाने पुसणं आमच्याकडे अजिबात चालत नाही. कापडाचे तंतू आणि अंगाचं तेल दोन्ही काचेला लागतं. नुसतं कोरडं घासलं तर स्थिर विजेने धूळ उलट ओढली जाते. तंतू न सोडणाऱ्या पुसणीच्या एका कोपऱ्यावर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबभर घ्यायचं आणि कनेक्टर ओल्याकडून कोरड्याकडे एकाच दिशेने ओढायचा. दोन कनेक्टर जोडणाऱ्या अॅडॉप्टरच्या आतल्या तोंडासाठी क्लिक क्लीनर, म्हणजे दाबून पुसणारं पेनासारखं साधन. टोपी लावलेला नवाकोरा पॅचकॉर्डही (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी फायबर) तपासूनच घ्यायचा, कारण टोपीतही धूळ असते. हिरवा कनेक्टर निळ्यात घालायचा नाही : हिरव्याचं तोंड 8 अंशांनी तिरपं घासलेलं असतं, ते नीट टेकत नाही. आणि चालू लाईनमध्ये डोळा घालायचा नाही. तो लेझर दिसत नाही, पण डोळा जाऊ शकतो.

सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणायचे, पुसायचे कसले पैसे? आता आम्ही पॉवर मीटरचा आधीचा आणि नंतरचा आकडा त्यांना दाखवतो. उणे 28 चा उणे 20 झालेला पाहिला की वाद राहत नाही. यातूनच वार्षिक देखभालीची कामं मिळत गेली : पतसंस्था, ग्रामपंचायती, शाळा आणि खुद्द जिनिंगवालेही.

या हंगामाआधी जिनिंगजवळच्या सगळ्या डब्यांची रबरी सील बदलायला घेतली आहेत.