नामदेव महाराजांची पुण्यतिथी

आज आषाढ वद्य त्रयोदशी. पेठेतल्या शिंपी मंडळींची दुकानं सकाळपासून बंद. सगळे मंदिरात, कीर्तनाला. शेजारच्या काकूंनी आग्रह केला म्हणून मीही गेले.

विठ्ठलाचा अंगरखा समाजातल्याच एका आजोबांनी शिवलाय. जांभळं रेशीम, बाह्यांना जरीचा काठ, आणि टाके इतके बारीक की शिवण शोधावी लागते. मी विचारलं, माप कसं घेता? म्हणाले, "देवाचं माप हातात बसलंय, बाळा." किती प्रेमानं बोलत होते!

कीर्तनात समाधीचा प्रसंग आला. १३५० साल, पंढरपूरचं महाद्वार. संतांचे पाय लागावेत म्हणून महाराजांनी पायरीची जागा निवडली. फुलं उधळली तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आणि महाराज फक्त आपले नाहीत बरं का, गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत! शाळेत हे नीट शिकवायला हवं.

मग पंगत. शिरा, आमटी-भात. वाढणारी पोरं बहुतेक आयटीतली, खास रजा टाकून आलेली. "सुई हातात धरली नाही कधी, पण आजचा दिवस चुकवत नाही," एक जण म्हणाला आणि आग्रहानं अजून एक डाव शिरा वाढला.

राम कृष्ण हरी 🙏