तुम्ही विचारलंत म्हणून : माध्यमिक शाळेतल्या मुलांनी काय वाचावे?

"मुलगी यंदा नववीत गेली आहे. पाठ्यपुस्तकांशिवाय तिने प्रत्येक विषयाचे काय वाचावे, याची एक यादी द्याल का?" जून महिन्यात शाळा उघडली की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. परळ भागातल्या एका माध्यमिक शाळेचे ग्रंथालय मी सांभाळते, त्यामुळे पालकांनी मला विचारावे हे स्वाभाविकच आहे. विचारताना बहुतेकांच्या मनात सामान्यज्ञानाचे एखादे जाडजूड पुस्तक असते, नाहीतर थोरामोठ्यांच्या सद्गुणांची जंत्री देणारी चरित्रमाला असते. मी या दोन्हींपैकी काहीच सुचवत नाही. त्याऐवजी काय सुचवते आणि कशासाठी, हे जाता-येता सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

पाठ्यपुस्तकात निष्कर्ष असतात. ठरलेल्या पानांत ठरलेला अभ्यासक्रम बसवायचा असल्यामुळे ते तसेच असणार, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र तो निष्कर्ष कोणी काढला, कशावरून काढला, वाटेत कोणत्या शंका आल्या, कोणाशी वाद घालावा लागला, हे त्या पानांत मावत नाही. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला विषयाची गोडी लागते ती नेमकी या न मावलेल्या भागामुळे. म्हणून अवांतर वाचनाने माहितीत भर घालण्यापेक्षा मुलाला त्या विषयात काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी नेऊन बसवावे, असे माझे ठाम मत आहे. त्या माणसाने काय पाहिले, काय मोजले, काय लिहून ठेवले, हे जिथे वाचायला मिळते ती पुस्तके मी देते.

इतिहासापासून सुरुवात करते, कारण सर्वांत रुक्ष म्हणून बदनाम झालेला विषय तोच आहे. आठवीच्या पुस्तकात १८५७ च्या लढ्याचा पाठ असतो. तो पाठ झाला की विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' मुलांच्या हाती द्यावे. पेणजवळच्या वरसई गावचे हे गृहस्थ भिक्षुकी करणारे होते. घरावरचे कर्ज फिटावे म्हणून, उत्तरेत होणाऱ्या मोठ्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने ते घरातून निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते झाशीतच होते. तोफांचे गोळे, शहराची लूट, राणी लक्ष्मीबाई, स्वतःची भूक आणि भीती या सगळ्यांबद्दल ते सारख्याच सरळपणाने लिहितात. त्यांना कोणाचा गौरव करायचा नाही की कोणता सिद्धांत मांडायचा नाही. जीव वाचवून घरी पोहोचायचे आहे आणि आईवडिलांसाठी घेतलेली गंगेची कावड सांभाळायची आहे.

या पुस्तकाचा दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. गोडसे यांनी हा वृत्तान्त लिहिला तो घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. चिंतामणराव वैद्य यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्यावर संपादकाचा हात फिरला होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली काढली. म्हणजे साक्षीदार एक आणि त्याच्या साक्षीची रूपे दोन. इतक्या वर्षांनंतर माणसाला काय नीट आठवते आणि काय नाही, संपादकाने बदल का केले असतील, डोळ्यांनी पाहिलेले कोणते आणि ऐकीव कोणते, हे प्रश्न मुले स्वतःहून विचारू लागतात. दहावीच्या इतिहासाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या पाठांनी होते आणि ते पाठ मुलांना अतिशय कोरडे वाटतात. ज्यांनी गोडसे वाचलेले असतात, त्यांना 'साधनांची चिकित्सा' म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

रसायनशास्त्रासाठी मी एकच पुस्तक सांगते : मायकेल फॅरेडे यांची मेणबत्तीवरची व्याख्याने. १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर दिलेली ही सहा व्याख्याने पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने आली. सगळ्या व्याख्यानांचा विषय एक जळती मेणबत्ती. वितळलेल्या मेणाची वाटी मेणबत्तीच्या टोकाशी इतकी नीट कशी तयार होते? ते मेण वातीतून वर कसे चढते? जळते ते नेमके काय, वात, मेण की मेणाची वाफ? फॅरेडे काचेच्या नळीचे एक टोक ज्योतीच्या मधोमध धरतात, आतली वाफ नळीतून बाहेर काढतात आणि नळीच्या दुसऱ्या टोकाशी ती पेटवून दाखवतात. पुढे ज्वलनातून पाणी निघते हे दाखवतात, मग कार्बन डायऑक्साइड, आणि शेवटच्या व्याख्यानात मेणबत्तीचे जळणे आणि आपला श्वासोच्छ्वास यांतले साम्य उलगडतात. प्रत्येक विधानापाठोपाठ प्रयोग येतो आणि प्रत्येक प्रयोगातून नवा प्रश्न निघतो. इंग्रजी जुन्या वळणाचे आहे, त्यामुळे पहिले व्याख्यान कोणीतरी सोबत बसून वाचावे लागते. पुढची मुले आपणहून वाचतात, असा माझा अनुभव आहे. विझवलेल्या मेणबत्तीतून निघणाऱ्या धुराला काडी लावून ती लांबूनच पुन्हा पेटवण्याचा प्रयोग मात्र मोठ्यांच्या देखत करावा.

फॅरेडे स्वतः कसे घडले, हेही मी मुलांना आवर्जून सांगते. लोहाराचा हा मुलगा चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचू लागला. त्यांत जेन मार्सेट या लेखिकेचे संवादरूपात लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक होते, आणि त्या पुस्तकाचे ऋण फॅरेडे यांनी आयुष्यभर मानले. विज्ञानाची शाखा घ्यायची की नाही हे केवळ टक्क्यांवर ठरवणाऱ्या घरांत ही हकीकत सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते.

गणिताच्या बाबतीत पालक थोडे साशंक असतात, कारण गणिताचे 'वाचन' करायचे असते यावर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांना मी भास्कराचार्यांची 'लीलावती' दाखवते. ११५० च्या सुमाराचा हा संस्कृत ग्रंथ ना. ह. फडके यांच्या 'लीलावती पुनर्दर्शन'मुळे मराठीत समजून घेता येतो. त्यातले एक उदाहरण असे : नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे आणि खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे सत्तावीस हात अंतरावरून साप बिळाकडे येताना दिसताच मोर तिरकी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापले असेल, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडली? उत्तर बारा हात. बारा आणि नऊ या काटकोनाच्या भुजा, पंधरा हा कर्ण, आणि सत्तावीसातून बारा वजा केले तरी पंधराच. दहावीच्या भूमितीत पायथागोरसच्या प्रमेयावर पूर्ण प्रकरण आहे. ते शिकलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे उदाहरण सोडवता येते, आणि साडेआठशे वर्षांहून जुने कोडे आपल्याला सुटले याचा त्याला झालेला आनंद मी अनेकदा पाहिला आहे.

याच्या जोडीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांची ओळख करून द्यावी. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. सगळे अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते, हा त्यांचा शोध. ३५२४ घेतली तर आधी ३०८७, मग ८३५२ आणि तिसऱ्या पायरीला ६१७४. आमच्या ग्रंथालयाच्या तासाला हे फळ्यावर लिहिले की वर्गातला एकही मुलगा वजाबाकीचा कंटाळा करत नाही. शाळेत शिकवता शिकवता संख्यांशी आयुष्यभर मैत्री करणारा माणूस आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात जन्मला होता, ही गोष्ट मुलांच्या मनात घर करते.

जीवशास्त्राकडे वळताना मुंबईच्या मुलांना एक मोठी सोय आहे. सालिम अली इथलेच, खेतवाडीत वाढलेले. 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे त्यांचे आत्मचरित्र १९८५ साली आले. लहानपणी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्याखाली पिवळा डाग दिसला, ती कोणत्या जातीची हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. तिथून पुढचा प्रवास मुलांनी स्वतःच वाचावा. अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला तो भाग तर विशेष लक्ष देऊन वाचावा. नर अर्धवट घरटे बांधतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच संसार सुरू होतो, आणि तो मार्गी लागला की नर दुसरे घरटे बांधायला घेतो. हे त्यांनी रोज तासन् तास बसून टिपले. मराठीतून वाचायचे असेल तर दुर्गा भागवत यांचे १९५६ सालचे 'ऋतुचक्र' घ्यावे. प्रत्येक महिन्यात झाडे, फुले आणि आभाळ कसे बदलते हे त्यात आहे. पुस्तक एका बैठकीत संपवू नये; ज्या महिन्याचे प्रकरण, ते त्याच महिन्यात वाचावे आणि खिडकीबाहेर पाहावे. इमारतींच्या गर्दीतही पांगारा आणि बहावा फुलायचे थांबत नाहीत.

खगोलशास्त्रासाठी जयंत नारळीकर यांचे 'आकाशाशी जडले नाते' पुरेसे आहे. अनेक घरांत ते आधीपासून असते, म्हणून अधिक लिहीत नाही. भूगोलासाठी गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' चाळावे. १८६३ साली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावू लागल्यानंतर दहा वर्षांनी, हे पुस्तक आले. आजचा नकाशा शेजारी ठेवून ते वाचले की खाड्या कुठे बुजवल्या आणि वस्ती कशी सरकत गेली, हे मुलांना दिसू लागते.

राज्यशास्त्र हा विषय गुणांच्या हिशेबात लहान असल्यामुळे त्याच्या वाट्याला दुर्लक्ष येते, आणि याचे मला फार वाईट वाटते. संविधान सभेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने संपूर्ण वाचले पाहिजे. राजकारणात समता येईल, परंतु सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, ही विसंगती आपण किती काळ चालवणार, असा त्यांचा प्रश्न आहे. त्याचबरोबर राजकारणातली विभूतिपूजा लोकशाहीला घातक का ठरते, हेही ते सांगतात. एक-दोन वाक्ये भिंतीवर लावण्यासाठी उचलली जातात. संपूर्ण भाषण वाचले म्हणजे एक युक्तिवाद दुसऱ्यावर कसा उभा राहतो ते कळते. त्याआधी मात्र मी मुलांना एक छोटा निबंध देते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग समाजातल्या, चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला हा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्याच वयाच्या मुलीने धर्म, अन्न, बाळंतपण आणि शिक्षण यांविषयी इतक्या धिटाईने लिहिले, हे वाचल्यावर नागरिकशास्त्र हा कोणा दुसऱ्याचा विषय राहत नाही.

मराठीसाठी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि बहिणाबाईंची गाणी, या दोन्हींवाचून माझी यादी पूर्ण होत नाही. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण झाले नव्हते, बहिणाबाईंना तर लिहितावाचताच येत नव्हते. आणि तरीही सहज, अचूक आणि जिवंत मराठीचा यांहून चांगला वस्तुपाठ मला माहीत नाही. निबंधात जड शब्द घातले की गुण मिळतात असे समजणाऱ्या मुलांनी लक्ष्मीबाईंची चार पाने मोठ्याने वाचावीत. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या ज्या मुलांना घरी मराठी बोलता येते पण वाचताना अडखळायला होते, त्यांना आजीने किंवा आईने वाचून दाखवावे. अशी घरे मुंबईत आता खूप आहेत आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. इंग्रजीसाठी आर. के. नारायण यांचे 'स्वामी अँड फ्रेंड्स' द्यावे, कारण त्यातली शाळा, परीक्षा आणि क्रिकेट मुलांना परके वाटत नाही आणि वाक्ये स्वच्छ आहेत.

यांतले काहीही विकत घेतलेच पाहिजे असे नाही. दादर पूर्वेला १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. शनिवारी मुलाला बरोबर घेऊन जावे आणि पुस्तक त्यालाच शोधू द्यावे. फॅरेडे यांची व्याख्याने प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य मिळतात, संविधान सभेची भाषणेही महाजालावर उपलब्ध आहेत, आणि एखादा संदर्भ अडला तर मराठी विश्वकोश तिथेच उघडता येतो. दहावीला वेळ कुठून काढायचा, हा आपला पुढचा प्रश्न असतो. आठवीची परीक्षा संपल्यावर मे महिन्यात गोडसे, नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत फॅरेडे आणि त्यापुढच्या मे महिन्यात सालिम अली, इतके ठरवले तर दहावीच्या वर्षासाठी आंबेडकरांचे एक भाषण आणि मुक्ताचा निबंध एवढेच उरते, आणि ही दोन्ही मिळून एका रविवारी वाचून होतात. 'लीलावती'तली उदाहरणे भूमितीच्या सरावाला कधीही घ्यावीत.