हीटर उंचीवर टिकला : मॉर्टेराच, लिव्हिन्यो, स्टेल्व्हिओ

इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटाच्या माथ्यावर, २,७५७ मीटरवर, आमच्या गाडीत झोपताना लावायच्या डिझेल हीटरच्या एक्झॉस्टपाशी धरलेला टिश्यू पांढराच राहिला. काजळीचा ठिपकाही नाही. मागच्या नोंदींमध्ये असाच धरलेला टिश्यू काळा झाला होता, तो आठवत असेल त्यांना ही बातमी किती मोठी आहे ते कळेल.

या वेळचा रस्ता असा : श्टुटगार्टहून खूर, युलिअर घाट (२,२८४ मी.), पोंट्रेसिनाजवळ मॉर्टेराचला मुक्काम, मग बर्निना घाट, फोर्कोला, लिव्हिन्यो, बोर्मिओ आणि स्टेल्व्हिओ. गाडीत आम्ही दोघं, लेक, आणि सांगलीहून आलेली आई. सप्टेंबरअखेर असल्यामुळे रात्री पारा शून्याच्या आसपास. म्हणजे हीटर ही चैन नव्हती.

मॉर्टेराचला (साधारण १,८६० मी.) हीटर पेटला, तासभर छान चालला आणि विझला. परत पेटवला तर आधी पांढरा धूर, मग काळा, मग पुन्हा बंद. आई सकाळी म्हणाली, “अरे, ती टकटक थांबली की मला जाग येते. रात्रभर थांबतच होती बघ.” डोसिंग पंपाबद्दल (हा ठोक्याठोक्याने हीटरला डिझेल देतो, टकटक त्याचीच) इतकं नेमकं निदान मी कुठे वाचलेलं नाही.

आधी नेहमीचे संशयित तपासले. ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी विजेची तापकांडी) पेटताना आठ-दहा अँपिअर ओढतो, म्हणून व्होल्टेज मीटर थेट हीटरच्या प्लगवर लावला : १२.६. उत्तम. इंधनाच्या नळीत बुडबुडे? किटबरोबर येणारी मऊ हिरवी नळी मी केव्हाच काढून टाकली आहे, तुम्हीही काढा. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला ती फुगते आणि हवा धरून ठेवते. दोन मिलिमीटर आतील व्यासाच्या कडक नायलॉन नळीत बुडबुडा दिसला नाही. मग उरली ती उंची.

तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ८० टक्के असतो. पंप मात्र प्रत्येक ठोक्याला डिझेल तेवढंच देतो. ऑक्सिजन कमी, इंधन तेवढंच, म्हणून अर्धवट ज्वलन, आणि त्याची काजळी नेमकी ग्लो प्लगच्या जाळीत बसते. जाळी बुजली की पुढचं पेटणंही गेलं.

लिव्हिन्योच्या कॅम्पिंगवर हीटर उघडला. (लिव्हिन्यो करमुक्त आहे, टाकी तिथेच भरा.) जाळी बदलली, गॅस्केट नवं घातलं. सुट्या जाळ्या दोन-तीन बरोबर ठेवा, स्वस्त आणि हलक्या असतात. मग हीटरच्या कंट्रोलरच्या आतल्या मेनूत शिरलो. किमान ते कमाल ताकदीचे माझे मूळ आकडे : पंप १.६ ते ५.० हर्ट्झ (सेकंदाला ठोके), पंखा मिनिटाला १,६८० ते ४,५०० फेरे. सरळ हिशेबाने पंप ८० टक्क्यांवर आणला, १.३ ते ४.०. वरच्या टोकाला धूर तत्काळ साफ झाला. खालच्या टोकाला मात्र ज्योतच टिकेना. इतक्या कमी इंधनावर बर्नर थंड पडतो आणि विझतो. इथेच मी बराच वेळ अडकलो, पंप दशांशाने वरखाली करत, बोटं गारठून.

तोडगा सुचला तो उलट बाजूने. खालच्या टोकाला इंधन जवळजवळ तेवढंच ठेवायचं आणि हवा वाढवायची. पंप १.५, पंखा १,९५०. ज्योत धरली आणि रात्रभर धरली! वरच्या टोकाला पंखा आधीच कमाल वेगावर असतो, तिथे पंपच कमी करावा लागतो. म्हणजे खाली पंखा, वर पंप. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकी नुसती त्रैराशिकं आहेत. स्टेल्व्हिओच्या वाहनतळावर दाब सुमारे ७१ टक्के धरून खाली १.५ ला २,२००, आणि वर ३.६ ला ४,५०० ठेवलं. टिश्यूचा निकाल वर दिलाच आहे.

या सगळ्यात एकच यंत्र उंचीची पर्वा न करता चाललं, ते म्हणजे आईचा कुकर. लिव्हिन्योला उघड्या पातेल्यात पाणी ९४ अंशांना उकळतं, डाळ शिजता शिजत नाही. कुकर बाहेरच्या दाबावर आपला जवळजवळ एक बार चढवतो, आत ११७ अंशांच्या आसपास मिळतात. वरण-भात पहिल्या रात्रीपासून व्यवस्थित.

प्राटोकडे उतरताना ४८ वळणं दुसऱ्या गिअरमध्ये काढली, ब्रेक थंड राहिले. त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

पुढची योजना ईएसपी३२ (प्रोग्रॅम करता येणारी छोटी चिप) आणि बीएमई२८० दाबमापक जोडून आकडे आपोआप बदलायची होती, सुटे भागही आणून ठेवलेत. पण हे लिहिताना वाटतंय की एवढा खटाटोप कशाला? मी हीटर मुक्कामालाच लावतो आणि मुक्कामाची उंची दिवसातून एकदाच बदलते. फोनमधला बॅरोमीटर बघून दाबानुसार चार ओळींचा तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवला तरी भागेल. सर्किट तूर्त बाजूला. त्याऐवजी घरी उतरल्यावर अर्धा तास पूर्ण ताकदीवर केरोसीन जाळून बर्नर साफ करायचा आणि मग उघडून बघायचा, म्हणजे नव्या आकड्यांवर आत किती काजळी साठली ते कळेल. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म ईएन ५०२९१-२ या युरोपीय मानकाचाच हवा, तो गाड्या आणि बोटींसाठीच असतो. लेकरं आत झोपतात, तिथे काटकसर नको.

तक्त्यात २,००० ते २,५०० मीटरची ओळ अजून नुसत्या हिशेबाची आहे. फुर्का किंवा टिमेल्सयोख घाटाच्या आसपास कुणी हीटर लावून बघितला असेल, तर पंपाचे आणि पंख्याचे दोन्ही आकडे द्या.