घाटातले तीन थांबे आणि एक रेडिओ

घाट अर्धा चढला आणि गाडी बंद पडली. खोकली नाही, आचके दिले नाहीत, दिवा मालवावा तशी गप्प झाली. शेजारी बसलेला मामा म्हणाला, "पेट्रोल कमी पडलं की गाडी कुरकुरते. ही न सांगता गेली." मी ते हसण्यावारी नेलं. तेव्हाच कान दिला असता तर अख्खी दुपार वाचली असती.

गाडी मुळात मामाची. माझ्याहून एक वर्षाने मोठी, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर असलेली, प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी टोकं असलेली. सकाळी निघतानाच तिने नखरा केला होता. चावी फिरवली की सेल्फ नुसता 'खट्' करायचा आणि हेडलाइट मंद व्हायचे. मीटरवर बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग टर्मिनलवर साचलेली पांढरी भुकटी गरम पाण्याने धुतली, नट आवळले आणि गाडी लागली. हे नेहमीचंच. त्यामुळे घाटातही आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता.

माझं निदान ठरलेलं होतं: एअर लॉक. उन्हाची वेळ, सलग चढ, इंजिनला चिकटलेला पेट्रोल पंप. नळीतलं पेट्रोल उकळून वाफ झाली असणार. पंपावर ओलं फडकं टाकलं, पंचवीस मिनिटं दरीकडे बघत बसलो, चावी फिरवली, गाडी चालू! मामाकडे मी अशा काही नजरेने पाहिलं की विचारू नका.

साधारण पस्तीस मिनिटांनी, दोन वळणं सोडली तर घाट संपलाच होता, तिथे पुन्हा तसंच. पुन्हा फडकं. या वेळी कंटाळा येऊ नये म्हणून रेडिओ लावला. या गाडीच्या चावीला बंद, चालू आणि स्टार्ट एवढ्याच जागा, म्हणजे रेडिओसाठी इग्निशन चालू ठेवणं आलंच. पंचवीस मिनिटं झाली, गाडी लागेना. पन्नास मिनिटं झाली, तरी नाही. शेवटी बॅटरी उतरेल म्हणून मामाने चावी बंद करायला लावली, आणि पुढच्या अर्ध्या तासात गाडी निमूट लागली. फडकं तर दोन्ही वेळा होतं. मग या वेळी उशीर का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

तिसऱ्यांदा गाडी थांबली ती पठारावर, सपाट रस्त्याला. वारा गार, चढ नाही. आता एअर लॉकचं नाव घ्यायलाही लाज वाटत होती. मामा उतरला, बाह्या सारल्या आणि म्हणाला, "थंड होईपर्यंत थांबायचं नाही. आत्ता मेली आहे, आत्ताच बघायचं." दिवसभरातलं हे सगळ्यात शहाणं वाक्य. गरम झाल्यावर रुसणारा भाग थंड झाला की चांगला वागतो आणि आपण ज्याला हात लावला त्याला श्रेय देऊन मोकळे होतो.

आधी एअर फिल्टरचं झाकण काढलं. थ्रॉटल हाताने उघडला तर कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक धार उडाली. म्हणजे पेट्रोल पोचत होतं. हे पहिल्याच थांब्याला बघायला दहा सेकंद लागले असते.

मग डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतली मधली वायर उपसून मामाने रबरी मुठीच्या कोरड्या पकडीत धरली, टोक इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर. मी सेल्फ मारला. तिथे निळी ठिणगी कडकडायला हवी होती. काहीच नाही. म्हणजे टोपी, रोटर, प्लग यांचा प्रश्नच मिटला, बिघाड त्यांच्या अलीकडे.

मामाच्या डिकीत दोन वायरी जोडलेला 12 व्होल्टचा छोटा दिवा असतो. एक वायर कॉइलच्या, म्हणजे बॅटरीच्या 12 व्होल्टमधून ठिणगीपुरतं दांडगं व्होल्टेज तयार करणाऱ्या डब्याच्या मायनसला, दुसरी बॉडीला. सेल्फ मारला की दिवा लुकलुकायला लागला. पॉइंट उघडमीट करत होते आणि बॅटरीचा करंट कॉइलमधून पलीकडे येत होता. उरला कंडेन्सर (करंट तुटताना पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा), नाहीतर कॉइलच्या आतलं बारीक तारेचं वेटोळं. जादा कंडेन्सर होता, बदलून पाहिला, फरक शून्य. मग मी कॉइलवर हात टेकवला आणि झटक्यात मागे घेतला.

आता कबुली. ही कॉइल मीच महिन्यापूर्वी बसवली होती, 'जास्त ताकदीची' म्हणून. मीटर लावला तर प्लस-मायनसमध्ये दीड ओहमच्या आसपास. अंगावर बारीक अक्षरांत छापलेलं: बाहेरील रेझिस्टरसह वापरा. या गाडीला असा करंट आवरणारा रेझिस्टर नाही, तिला तीन ओहमची कॉइल लागते. पॉइंट मिटलेले असताना तीन ओहममधून 12 व्होल्टला 4 अँपिअर जातात, दीडमधून 8. उष्णता दुप्पट. त्यात इंजिन बंद, पॉइंट मिटलेले आणि चावी चालू, म्हणजे कॉइल सलग भाजत राहणार. दुसऱ्या थांब्याला मी रेडिओ ऐकत नेमकं तेच करत होतो.

(ज्या गाड्यांना हा बॅलास्ट रेझिस्टर असतो, त्यांत सेल्फ मारताना तो वगळून कॉइलला थेट करंट मिळतो. म्हणून सेल्फवर लागणारी गाडी चावी सोडताच बंद पडत असेल, तर आधी तो रेझिस्टर बघावा.)

"जुनी कॉइल असती तर..." मी पुटपुटलो. मामाने स्टेपनीच्या खालून चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मी फेकायला दिलेली कॉइल. मीटरवर 3.1. डिस्ट्रिब्युटरची वायर मायनसला, चावीची प्लसला. आठ अँपिअर पेलून पॉइंटही करपले होते. ते बारीक पॉलिश पेपरने घासले आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट 0.4 मिलिमीटरवर आणली. सेल्फ अर्धा फेरा फिरला असेल नसेल, गाडी चालू.

नंतरचे तीन तास ती कुठेही थांबली नाही. कॉइल बघायला आम्ही मात्र दोनदा थांबलो. हात टेकवता येत होता.

मुक्कामी पोचल्यावर सामान काढता काढता मी सवयीने रेडिओकडे हात नेला. मामाने इंजिन बंद केलं, चावी उपसली आणि खिशात टाकली. "गाणी ऐकायची असतील तर आत चल."