कट जुळले, शॉट २८ फ्रेम सरकला

दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट झालेली दीड मिनिटाची कारखान्याची फिल्म होती. टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची, साइज १९२० बाय १०८०. ग्राफिक्स आफ्टर इफेक्ट्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करायचे म्हणून एडिटरने फायनल कट ७ च्या स्वरूपातली एक्सएमएल (कटची यादी असलेली मजकूर फाइल) पाठवली आणि ती आफ्टर इफेक्ट्सच्या 'प्रो इम्पोर्ट'मधून आत घेतली. सगळे कट जागच्या जागी होते. फक्त एका शॉटमध्ये कामगार बटण दाबायच्या ऐवजी मशीनसमोरून निघून गेलेला दिसत होता.

एक्सएमएलमध्ये चित्र नसतंच. कोणती फाइल, तिच्या कितव्या फ्रेमपासून कितव्यापर्यंत आणि टाइमलाइनवर कुठे, एवढीच नोंद असते. हा शॉट मोबाइलवरचा होता आणि मोबाइल सहसा ठरावीक फ्रेमरेटने (सेकंदाला किती फ्रेम) रेकॉर्ड करत नाही. रिझॉल्व्हने फाइल २९.९७ धरली होती, आफ्टर इफेक्ट्सने सरासरी काढून २९.८३. वापरलेला तुकडा क्लिपच्या चौथ्या मिनिटाला, म्हणजे ७१९३ व्या फ्रेमला सुरू होत होता. एका हिशोबाने ही वेळ २४० सेकंद, दुसऱ्याने २४१.१. टाइमलाइनवर हा फरक २८ फ्रेमचा. शॉट क्लिपच्या सुरुवातीचा असता तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

आफ्टर इफेक्ट्सच्या 'इंटरप्रेट फुटेज' सेटिंगमध्ये २९.९७ टाकणं हा पहिला सुचणारा उपाय, पण त्याने सरासरीच बदलते. मधल्या गळलेल्या फ्रेम परत येत नाहीत.

म्हणून एक्सएमएल बाजूला ठेवली. ग्राफिक्सचे १४ शॉटच रिझॉल्व्हच्या डिलिव्हर पानावरून 'इंडिव्हिज्युअल क्लिप्स' निवडून काढले: प्रोरेस ४२२ एचक्यू, दोन्ही बाजूंना १२ फ्रेमचे हँडल (कटच्या आधी-नंतरचे जादा फ्रेम), ग्रेड (रंगांची दुरुस्ती) बंद. स्पीड रॅम्प (शॉटचा वेग हळूहळू बदलणं) आणि झूम रेंडरमध्येच पक्के झाले. हे बरंच झालं, कारण रॅम्पचा वक्र एक्सएमएलमधून धड येत नाही आणि ४के क्लिप आफ्टर इफेक्ट्समध्ये दुप्पट मोठी दिसत होती. सोबत टाइमकोड आणि क्लिपचं नाव छापलेली पूर्ण फिल्मची एक हलकी एच.२६४ फाइल मागवली.

तपासणी सोपी आहे. टाइमलाइनच्या याच भागाची, पण छापील अक्षरं आणि ग्रेड नसलेली संदर्भ फाइल सगळ्यात वर ठेवून ब्लेंडिंग मोड 'डिफरन्स' (दोन चित्रांतला फरकच दाखवणारा) करायचा. चित्र काळं झालं की फ्रेम जुळली, कडा चमकल्या की सरकली. कॉम्प्रेशनची बारीक खरखर उरते, तिच्याकडे दुर्लक्ष करायचं. अक्षरं छापलेली फाइल फक्त क्रमांक वाचायला.

परत पाठवताना ज्या शॉटमध्ये दिसणाऱ्या स्क्रीनवर चित्र बसवलं होतं ते पूर्ण चित्रासह गेले, कारण ग्रेड त्यांच्यावर नंतर होणार होता. बाकी फक्त ग्राफिक्स: प्रोरेस ४४४४, चॅनेल आरजीबी अधिक अल्फा (पारदर्शकतेची माहिती), रंग 'स्ट्रेट', म्हणजे पारदर्शकतेने न गुणलेले. इथे एडिटरकडे पांढऱ्या अक्षरांच्या कडा दातेरी आणि भगभगीत दिसू लागल्या. त्याच्या क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये अल्फा 'प्रीमल्टिप्लाइड' (रंग आधीच गुणलेले) होता, तो 'स्ट्रेट' केल्यावर कडा साफ झाल्या. उलट गडबड असली, तर अक्षरांभोवती काळी किनार येते. फाइलच्या नावातच '_स्ट्रेट' लिहिलेलं असलं की असा खुलासा करायला फोन करावा लागत नाही.

हँडलचा उपयोग लगेच झाला. ग्राहकाने बटणाचा शॉट ८ फ्रेम लांबवायला सांगितला. हँडलसकट रेंडर गेलेला असल्याने एडिटरने तो तिथेच ओढला. ग्राफिक्स पुन्हा उघडावे लागले नाहीत.